यादीत नसलेलं साळिंदर

"बॅटरी लावू नगंस. आदी ऐक," आबा म्हणाले.

खोपटाच्या दारात आम्ही दोघं पोतं अंथरून बसलो होतो. 2025 चा सप्टेंबर, भाद्रपदाचा अंधारा पंधरवडा, सर्वपित्री दोन दिवसांवर आलेली. खाली वारणेच्या अंगाला भाताची खाचरं, वर चांदोलीकडं चढत गेलेला डोंगर आणि मधल्या उतारावर आबांचा 20 गुंठ्यांचा भुईमूग. बराच वेळ रातकिड्यांशिवाय काही ऐकू येईना. मग ओढ्याच्या बाजूनं एकदा कोरडी खळखळ आली. थोड्या वेळानं कुडुम-कुडुम सुरू झालं. कुणीतरी काळोखात बसून निवांत शेंगा फोडत होतं.

"आलं," आबा म्हणाले. "रोज ह्याच वक्ताला."

आबा म्हणजे माझे चुलते. शिराळा तालुक्याच्या पश्चिम अंगाला त्यांचं सगळं आयुष्य शेतात गेलं. मी कराडला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गावी गेले की आमचा कशावरून तरी वाद होतो. त्या रात्री तो साळिंदरावरून झाला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत चालला. झाला तसा इथं लिहिते आहे, कारण त्यात आबांच्या काही प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि ते प्रश्न आबांच्या एकट्याचे नाहीत.

"एकदा लांबून तरी बघू द्या, आबा. पिंजऱ्याबाहेरचं साळिंदर मी अजून नीट बघितलेलं नाही."

"त्येला बगून काय करतीस? त्येनं केल्यालं बग. सकाळी दावतो. तुमच्या पुस्तकात ह्येला काय म्हणत्यात?"

"कृंतक. कुरतडणारा प्राणी. उंदीर, घूस, खार, शेकरू, साळिंदर, सगळे एकाच गणातले. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडावं लागतं. आपल्या डोंगरातला या गणातला सगळ्यात मोठा प्राणी साळिंदरच. चांगलं 11 ते 18 किलोपर्यंत भरतं."

"शेकरू पण त्यातलंच?"

"हो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी."

आबा थोडं थांबले. "म्हंजी एकाच घराण्यातलं एक राज्याचं मानकरी. दुसरं घूस, तिला औशीद घालाय किरशी खातंच सांगतं. आन् तिसरं ह्ये. ह्येला हात लावला की कोरट. ही वाटणी केली कुणी?"

वाटणी कायद्यानं केली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर आणि घुशी पाचव्या अनुसूचीत होत्या, म्हणजे उपद्रवी, मारायला मोकळ्या. साळिंदर चौथ्या अनुसूचीत, म्हणजे शिकारीला बंदी. 2022 च्या दुरुस्तीनं अनुसूची नव्यानं मांडल्या आणि ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. उपद्रवींची ती जुनी पाचवी अनुसूची आता उरलेली नाही, पण साळिंदराला असलेलं संरक्षण कायम आहे. आबांना मी हे सगळं सांगितलं आणि कारणही सांगितलं. घूस वर्षातून अनेकदा विते, एका वेतात पाच-सात पिल्लं, कधी त्याहून जास्त. साळिंदराला बहुधा वर्षात एकदा, तेही एक-दोन पिल्लं. नर-मादी जोडीनं राहतात, पिल्लांसह एका बिळात. घुशी कितीही मारल्या तरी पुढच्या हंगामात तितक्याच. साळिंदराची एक जोडी मारली की एक बीळ कायमचं रिकामं.

"कमी वितं म्हणून कमी खातं का?" आबांनी विचारलं.

याला काय उत्तर द्यायचं? मी गप्प राहिले आणि कुडुम-कुडुम ऐकत बसले.

माझ्या पिशवीत एक काटा होता, पाटण तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीनं आणून दिलेला. त्यांच्या डोंगरावरच्या रताळ्याच्या वाफ्यात तिच्या आईला सापडला होता. काळे-पांढरे पट्टे, वीतभर लांब, टोकाला दाभणासारखा. मी तो आबांच्या हातात दिला.

"घरात नेऊ नगं," आबा म्हणाले. "आई म्हणायची, साळिंदराचा काटा घरात असला की भांडान लागतं."

"आणि गृह्यसूत्रं सांगतात की गरोदर बाईच्या सीमंतोन्नयनात तिच्या केसांचा भांग साळिंदराच्या काट्यानं पाडावा. तीन ठिकाणी पांढरा असलेला काटा घ्यावा, इतकं बारकाईनं सांगितलंय. एकाच काट्याला एकीकडं शुभ म्हटलंय आणि एकीकडं अशुभ."

"खायाचं न्हाई का सांगितलं कुटं?"

तेही सांगितलेलं आहे. रामायणात मरणाच्या दारातला वाली रामाशी वाद घालताना पाच नखांच्या भक्ष्य प्राण्यांची नावं घेतो, त्यांत साळिंदर आहे. हे मी सांगायला नको होतं असं आधी वाटलं, पण आबांपासून काही लपवून वाद घालायचा नव्हता.

"मंग तवापास्नं खात्यात माणसं," आबा म्हणाले. "आमच्या बारक्यापणी पोरं बिळाच्या तोंडाला धूर घालायची, दुसऱ्या तोंडाला कुत्री. मी बी गेलतो दोन येळा. एका कुत्र्याच्या जबड्यात काटं शिरलं, ते आठ दिसांनी मेलं. तवापास्नं न्हाई गेलो. पर जानारी अजून हायत, तुला म्हाईत हाय."

"माहीत आहे. पण ती माणसं पीक वाचवायला जातात का? मटणासाठी जातात. ज्या बिळातलं साळिंदर तुमच्या रानात कधी आलंच नाही, तेही मारतात."

"ह्ये मातर खरं," आबांनी मान्य केलं. त्या रात्री माझं म्हणणं त्यांना पहिल्यांदा पटलं.

मग मी जंगलाची बाजू मांडली. कोयना अभयारण्य 1985 चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान 2004 चं. दोन्ही मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं हे रान जगायचं तर त्यात वाघ-बिबट्यांना खायला प्राणी हवेत, आणि साळिंदर त्यांतलं एक आहे. ते माती उकरतं, मुळं-कंद खातं, गळालेली शिंगं आणि हाडं बिळापाशी नेऊन कुरतडतं, त्यातनं त्याला चुना आणि स्फुरद मिळतं. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात हीच जात आहे, अगदी आपलीच. कंदांसाठी ती उकरते त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी आणि बी साचतं, आणि उघड्या माळावर उगवत नाहीत अशी झाडं तिथं उगवतात, हे तिकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलंय.

"माज्या रानातल्या खड्ड्यात काय उगवंल?" आबा म्हणाले. "जे उगवायचं ते तर त्येच्या पोटात गेलं. आन् बिबट्याचं नगं सांगू. काट्यापास्नी तोंड फोडून घ्यायला त्येला काय याड लागलंय? गावात कुत्री मोकळी हायत."

यातही तथ्य आहे. जिम कॉर्बेटनं मारलेल्या मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीनं साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या अंगात पन्नासेक काटे रुतलेले होते. शिकार करता येईना म्हणून ती माणसांकडं वळली. साळिंदर काटे फेकून मारतं असं गावोगाव सांगतात, ते खरं नाही. ते पाठ फिरवतं, काटे फुलवून शेपटी खळखळवतं आणि उलटं धावून येतं, काटे समोरच्याच्या अंगात राहून जातात. भुकेला बिबट्या उसातल्या कुत्र्यावर जाणारच. जंगलाच्या साखळीची जी आकृती मी फळ्यावर काढते, तिच्यात गावातली मोकाट कुत्री आणि उसाचे फड नसतात. ते असायला हवेत.

मध्यरात्र उलटून गेल्यावर काकी चहाचा तांब्या घेऊन वर आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या, मोबाइलचा उजेड पायापुरता. मी घाबरले, कारण नागपंचमीसाठी ओळखला जाणारा हा तालुका आहे आणि इथल्या बांधांवर घोणस-मण्यार रात्रीच फिरतात.

"तुमचा वाद संपला का?" त्यांनी विचारलं. "तुमी बोलताय तवर ते खाऊन जाईल. आज 12 वी रात हाय ह्यांची. दिवसा भांगलणीला माणूस मिळंना, रातच्याला ह्ये जागत्यात, मंग सकाळी कोण उभं ऱ्हाणार? शेंगंचं किती गेलं ते सगळी इचारत्यात. झोपंचं कोण इचारतंय?"

काकी एवढंच बोलून चहा ओतून खाली गेल्या. पिकाच्या नासाडीचा कुठलाही हिशेब या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा, असं मला त्या क्षणापासून वाटतं. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे गेली कित्येक वर्षं मांडत आले आहेत की डोळ्यांना दिसणाऱ्या नासाडीवर भरपाई ठरवणं चुकीचं आहे. जंगलाच्या जवळ शेती केल्यानं उत्पन्नात जी एकूण तूट येते ती मोजायला हवी. राखणीच्या रात्री, भीतीपोटी न लावलेलं पीक, लवकर काढून टाकलेला माल, हे सगळं त्या तुटीत येतं. पंचनाम्यात यातलं काहीच येत नाही.

"रोज रातच्याला जागायची गरज न्हाई खरं तर," आबा थोड्या वेळानं म्हणाले. "चांदणं असलं की ते कमी येतंय. पुनवंच्या अंगाला चार दिस मी घरी झोपतो. अंधाऱ्या पंधरवड्यात मातर सोडत न्हाई."

मी ताठ बसले. "हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? बगतोय की."

नेगेव्हमधल्या संशोधकांनी तिथल्या साळिंदरांना रेडिओ-कॉलर लावून हेच शोधून काढलं आणि 1988 मध्ये शोधनिबंधात लिहिलं: चांदण्या रात्री साळिंदर उघड्यावर कमी फिरतं. तिकडंही ते बटाट्याच्या शेतात शिरतं. मी आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही. "तिकडच्या शेतकऱ्यालाबी म्हाईत आसंल," एवढंच म्हणाले. पण मला वाटलं. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत जाऊन शेंगा भरायला लागतात त्या वेळी पितृपंधरवडा असतो. दाणा भरण्याचे आणि काळोखाचे दिवस एकत्र येतात, आणि नेमके तेव्हाच राखणीला माणूस कमी पडतो, कारण घरोघर श्राद्धं चालू असतात. शेतकऱ्याच्या पंचांगात हे जनावर आधीपासून बसलेलं आहे.

पहाटे कुडुम-कुडुम थांबलं. झुंजुमुंजू झालं तसे आम्ही रानात उतरलो. त्या सकाळी आबांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात मला एकत्र सापडलं नव्हतं, म्हणून ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात वरच्या पट्टीत, ओढ्याला लागून, भुईमुगाच्या बुडाशी वाटीएवढे खड्डे होते. वेल उपटलेला नव्हता, एका बाजूनं कलंडलेला. खड्ड्याच्या काठावर शेंगांची टरफलं, कुठं अर्धा दाणा. आबांनी एक टरफल उचलून दाखवलं, त्यावर पटाशीनं पाडल्यासारख्या दोन रुंद खुणा शेजारी-शेजारी होत्या. ओल्या मातीत पावलाचा ठसा होता, तान्ह्या पोराच्या तळव्यासारखा, पुढं नखांचे टिंब. थोडं पुढं लेंड्यांचा ढीग, खजुराच्या बियांसारख्या लांबट. आणि बांधाच्या बाभळीच्या फेसाटीखालून गेलेली एक गोल वाट, जमिनीला घासून गुळगुळीत झालेली. "ह्ये साळिंदर," आबा म्हणाले. "रोज एकाच वाटंनं येतंय. पाहुण्यासारखं फाटकातनं."

मग आम्ही खालच्या मक्यात गेलो. तिथं जमीन नांगरल्यासारखी उलथलेली, ताटं आडवी, चिखलात फाटलेल्या खुरांचे ठसे. खाल्लं त्याच्या चौपट तुडवलेलं. "ह्ये डुक्कर. कळपानं येतंय, एका रातीत काम संपवतंय."

त्याच्या खाली उसाच्या बांधाला मातीचा ताजा भुसभुशीत ढीग, त्याखाली मातीनंच बुजवलेलं बिळाचं तोंड. उसाच्या चार कांड्या बुडातनं कुरतडलेल्या. "ही घूस. हिचं बीळ खणलं तर कोठार निगंल. दुष्काळात लोकं खणून दाणं काढायची, माझ्या बाला म्हाईत व्हतं."

एका शेतात तीन जनावरं. तिघांची खोड वेगळी, म्हणून तिघांवरचा उपायही वेगळा. घुशीसाठी बांधावरची बिळं खणणं, आधी चार दिवस बिनविषाचं खाणं ठेवून मग आमिष मांडणं, कारण ती नवख्या खाण्याला लगेच तोंड लावत नाही. आणि धामण आणि गव्हाणी घुबड यांना जगू देणं, कारण घुशी खाणारे शेतातले खरे राखणदार हे दोघे आहेत. बसायला बांधावर पक्षिथांबे उभे केले तरी घुबडं येतात. डुकरासाठी कुंपणाच्या तारेला जोडलेलं झटका मशीन चालतं. साळिंदरासाठी तेच मशीन लावलं आणि खालची तार गुडघ्याएवढ्या उंचीवर राहिली, तर ते तिच्याखालून निघून जातं. त्याच्यासाठी तार जमिनीपासून टीचभर उंचीवर हवी, आणि तिथलं गवत सारखं कापायला हवं, नाहीतर झटका गवतातच उतरतो. नाहीतर जाळी हातभर जमिनीत पुरायला हवी.

"ह्ये सगळं मला म्हाईत हाय," आबा म्हणाले. "पर 20 गुंठ्यांच्या शेंगंला जाळी पुरायची तर शेंगंपरीस जाळी म्हाग. मशीन घिऊन दोन वर्सं झाली, बॅटरी गेली. शेजारच्या शिवारात एकानं सरळ लाइटीच्या खांबावरनं तार वडली."

"त्यात माणसं मरतात, आबा."

"म्हाईत हाय. म्हणून तर मी वडली न्हाई. पर त्येनं का वडली ते बी तुला कळाय पायजे."

कळतं. तरीही खांबावरून कुंपणात वीज सोडणं हा सरळ गुन्हा आहे, आणि त्यात साळिंदराआधी शेजाऱ्याचा मुलगा जातो. यावर माझं आणि आबांचं एकमत आहे, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाचं असावं.

बांधावर बसून भाकरी खाताना मी विचारलं, "मग पंचनामा का नाही करून घेतलात?"

आबांनी भाकरी खाली ठेवली.

"केला. दोन वर्सांमागं. अर्ज दिला, सातबारा जोडला, फोटू जोडलं. त्या कचेरीतल्या माणसानं फोटू बगितलं आन् इचारलं, कुटलं जनावर? म्हणलं, साळिंदर. म्हणला, यादीत न्हाई. मंग आवाज बारीक करून म्हणला, डुक्कर लिवा की."

"मग?"

"मी न्हाई लिवलं. डुकरानं केलं न्हाई तर डुक्कर कसं लिवू? शेजारच्यानं लिवलं. त्येला पैसं आलं."

मी ती यादी नंतर पुन्हा वाचली. राज्य सरकारच्या 2015 च्या शासन निर्णयात पीक नुकसानीसाठी जी नावं आहेत ती अशी: रानडुक्कर, हरिण, रानगवा, निलगाय म्हणजे रोही, माकड, वानर आणि वन्यहत्ती. सागरेश्वरच्या डोंगराखाली, देवराष्ट्र्याजवळ, अभयारण्यातलं हरिण बाहेर पडून कुणाच्या शिवारात शिरलं तर शेतकऱ्याला अर्ज करता येतो. पाटणला गव्यानं भात तुडवलं तर करता येतो. साळिंदर खड्डे पाडून गेलं तर नाही. कायदा म्हणतो की ते वन्यप्राणी आहे, मारायचं नाही. भरपाईची यादी म्हणते की नुकसान करणाऱ्या वन्यप्राण्यांत ते नाही. दोन्ही कागद एकाच सरकारचे, आणि त्यांच्यामध्ये आबा उभे आहेत.

आणि एक गोष्ट, जी मला आबांच्या त्या एका वाक्यातून कळली. साळिंदराचं नुकसान डुकराच्या नावावर लिहिलं जातं, त्यामुळं सरकारी आकड्यांत डुक्कर फुगतं आणि साळिंदर शून्य राहतं. मग कुणीतरी म्हणतं, डुकरं मारायला परवानगी द्या. उद्या डुकरं मारली तरी ओढ्याकडच्या पट्टीतले वाटीएवढे खड्डे तसेच राहतील. चुकीच्या नोंदीवर बसवलेला उपाय कुणाच्याच कामाचा नाही, शेतकऱ्याच्याही नाही आणि जंगलाच्याही नाही. आम्ही प्राणिशास्त्राचे लोकही यात दोषी आहोत. सह्याद्रीत वाघ किती, गवे किती, याची मोजदाद आपण करतो. साळिंदरानं किती भुईमूग, किती मका, किती रताळी खाल्ली, याची शेतावर जाऊन केलेली मोजणी सातारा-सांगलीसाठी माझ्या हाती आलेली नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी ती करावी असं मी ठरवलं आहे.

"तुजं काय म्हणणं हाय शेवटी?" आबांनी विचारलं. "मारू नगं, एवढंच?"

"मारू नका, हे माझं म्हणणं आहे. पण ते सांगायचा हक्क मला तुमचं नुकसान मोजल्याशिवाय मिळत नाही, हेही माझं म्हणणं आहे."

"मंग पुढच्या साली शेंग लावू का नगं?"

"तुम्हांला काय वाटतं?"

"लावणार न्हाई," आबा म्हणाले. "ऊस लावीन. उसाला घूस लागंल, पर तिला औशीद घालता येतं."

हे वाक्य मला लागलं. वारणेच्या वरच्या उतारांवरून भुईमूग, नाचणी, रताळी अशी पिकं मागं सरत आहेत, काही पट्ट्या पडच राहतात आणि त्यांत झुडपं वाढून रान गावाच्या आणखी जवळ येतं. जिथं पाणी चढवता येतं तिथं ऊस येतो, आणि उसात बिबट्या. घरच्या शेंगांचं कूट, घाण्याचं तेल, दिवाळीला भाजलेल्या शेंगा, हे सगळं काकींच्या चुलीवरून हळूहळू नाहीसं होईल आणि त्याचं कारण कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसेल.

नोव्हेंबरात केंद्रीय कृषी मंत्रालयानं जाहीर केलं की 2026 च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक आपत्ती म्हणून धरलं जाईल. नुकसान झाल्यापासून 72 तासांत पीक विमा ॲपवर, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह कळवायचं. मी लगेच आबांना फोन लावला. तिकडं गुऱ्हाळाचा आवाज येत होता.

"कुटली जनावरं धरत्यात?" त्यांचा पहिला प्रश्न.

"ती यादी प्रत्येक राज्यानं करायची आहे."

"म्हंजी अजून झाली न्हाई?"

"अजून व्हायची आहे."

थोडा वेळ फोनवर फक्त गुऱ्हाळ ऐकू आलं. मग आबा म्हणाले, "तू लिवतीस न्हवं मासिकात? मंग लिव. साळिंदर म्हणून लिव. सायाळ म्हण, साळू म्हण, तिकडं जे म्हणत्यात ते म्हण. पर नाव लिव. ते यादीत आलं तर मी पुढच्या साली दहा गुंठं शेंग लावतो. सगळी न्हाई, दहा."

म्हणून लिहिते आहे. राज्याच्या कृषी आणि वन खात्यांनी ही यादी करताना साळिंदराचं नाव त्यात घालावं. रोज थोडं-थोडं होणारं नुकसान एका रात्रीच्या फोटोत मावत नाही, म्हणून पंचनामा एका सकाळचा न करता काढणीच्या वेळी त्या पट्टीचं उत्पन्न शेजारच्या सुरक्षित पट्टीशी ताडून करावा. साताऱ्यातल्या जावळी, पाटणपासून सांगलीतल्या शिराळ्यापर्यंत डोंगराला लागून शेती असलेल्यांना माझं सांगणं एवढंच आहे: सकाळी रानात वाटीएवढा खड्डा, टरफलांवर दोन रुंद दातांची खूण किंवा पडलेला काटा दिसला, तर तो बुजवण्याआधी फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, आणि अर्जात जनावराचं खरं नाव लिहा.